आठशे नव्व्याण्णवची साडीचोळी

गेल्या वर्षीची भाऊबीज, तेवीस ऑक्टोबर, गुरुवार. रक्कम आठशे नव्व्याण्णव रुपये. ठिकाण नांदेडचं आमच्या वडिलांचं घर, पुढची खोली. हजर चौघं: पाटावर बसलेला माझा धाकटा भाऊ, ताट घेऊन समोर मी, स्वयंपाकघराच्या दारात भावजय, आणि माझ्या खांद्यावरून वाकून फोनकडे बघणारी त्यांची मुलगी, माझी भाची.

हे पैसे कशाचे होते, ते आधी सांगते. फोनवरच्या एका खेळातल्या पोशाखाचे. मुलं त्याला स्किन म्हणतात. आपलं जे माणूस खेळात पळतं, त्याच्या अंगावर घालायचे कपडे. ते घातल्यानं माणूस जास्त जोरात पळत नाही, मार कमी लागत नाही, गुण वाढत नाहीत. मी भाचीला हे तीनदा विचारून घेतलं होतं. उपयोग शून्य, किंमत आठशे नव्व्याण्णव. मी लातूरला एका कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब बघते. असला खर्च कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी सही केली नसती.

पण तो पोशाख मला आवडला होता, हेही खरं आहे.

मे महिन्यात भाची आमच्याकडे लातूरला बारा दिवस राहून गेली. दहावीचं वर्ष सुरू व्हायच्या आधीची सुट्टी. जाताना तिनं माझ्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला. समुद्रातलं एक बेट असतं. दोघा-दोघांच्या जोड्या त्यावर पळतात, चढतात, एकमेकांना पाण्यात ढकलतात, आणि शेवटपर्यंत जी जोडी बेटावर टिकेल ती जिंकते. ती नांदेडला परत गेली, तरी आमची जोडी टिकली. मी ऑफिसातून आले की चहा ठेवायचा, सहा ते साडेसहा खेळायचं, मग भाजी चिरायला घ्यायची. फोनमधून तिचा आवाज येत राहायचा.

"आत्या, डावीकडं! डावीकडं म्हणलं!"

"डावीकडंच आहे मी."

"ती तुझी डावी न्हाई, माझी डावी. पडलीस!"

"दिसलं मला."

"पडल्यावर ओरडायचं असतं ग. तू गप कशी पडतीस?"

मला पन्नास पूर्ण झाली आहेत. नवरा शिक्षक आहे, त्याला या खेळाचं हसू यायचं, पण साडेसहापर्यंत तो चहा मागत नसे. इतका मान त्यानं त्या अर्ध्या तासाला दिला.

दिवाळीच्या आठवड्यात खेळात एक नवी टूम निघाली. जुन्या काळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांवर बेतलेले चार पोशाख आले. रोज एक, एका दिवसापुरता, फुकट घालून बघायचा. दुसऱ्या दिवशी तो आपोआप अंगावरून उतरणार. कायमचा हवा असेल तर आठशे नव्व्याण्णव, प्रत्येकी.

मी चारही घालून बघितले. रविवारी जो मिळाला तो सगळा चौकोनांचा होता. नाक चौकोन, हात चौकोन, बोटं नाहीतच. पळताना माणूस मागे चौकोन सांडत जायचं. सोमवारचा अंगभर दिव्यांच्या नळ्यांचा, गुलाबी आणि निळा. भाचीला तो फार आवडला. मला तो लग्नाच्या वरातीतल्या बत्तीवाल्यासारखा वाटला, आणि मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "आत्या, तू सगळ्याची माती करतीस." मंगळवारचा म्हणजे चक्क लाकडी खोकं. गेमचं अख्खं कपाट, त्याला दोन पाय फुटलेले, पोटावर काच, कमरेला बटणं. ते घालून मी एकदाही दारातून नीट आत गेले नाही.

बुधवारी, पाडव्याला, चौथा आला. एक बाई. डोक्याला रुमाल, साधी पँट, कमरेला कातडी पिशवी, त्या पिशवीत टोकनं. अशा दुकानात पैसे घेऊन टोकनं देणारी बाई. पळायला लागली की पिशवी वाजायची. उडी मारली की एक टोकन फटीत पडल्याचा आवाज यायचा: आधी घासल्यासारखा, मग आत कुठंतरी पत्र्यावर ठण्ण.

तो आवाज मी ओळखला. बाकीच्या तीन पोशाखांमधलं मला काही ओळखता आलं नव्हतं, कारण जुन्या काळच्या त्या गेमच्या पडद्यावर काय असायचं ते मी कधी बघितलंच नाही. मी फक्त ऐकलेलं आहे.

आमच्या लहानपणी नांदेडला, बस स्टँडच्या मागच्या एका गल्लीत, असं दुकान होतं. सहा कपाटं, पुढे एक मळका पडदा, बाहेर दगडी पायरी. एका रुपयाला एक पितळी टोकन, एका टोकनात एक डाव. माझा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता, मी सोळाची. आई मला सांगायची, त्याला एकट्याला सोडू नको. आणि पोरींनी आत जायचं नाही, हे सांगायची गरजच नव्हती. मग शाळा सुटली की तो आत आणि मी पायरीवर, त्याचं दप्तर आणि माझं दप्तर घेऊन.

रुपये माझे असायचे. मी तेव्हा शेजारच्या शिंपीणबाईंकडून साड्या आणून फॉल लावून द्यायची. एका साडीचे तीन रुपये. म्हणजे एक साडी, भावाचे तीन डाव. आत जाताना तो दर वेळी म्हणायचा, "शेवटचा डाव तुझा, आक्का. मालकाला इचारून ठेवलंय." मग आतून ठण्ण यायचं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तो बाहेर यायचा. "संपले की ग. उद्या." हे दोन वर्षं चाललं. पुढे ते दुकान बंद झालं, तिथं चपलांचं दुकान आलं.

पाडव्याच्या संध्याकाळी मी त्या टोकनवालीच्या वेषात अकरा डाव खेळले. भाजी उशिरा झाली. भाची फोनवर म्हणाली, "आत्या, आज तू नुसत्याच उड्या मारून राहिलीस. कुणाला ढकल तरी." मी तिला सांगितलं की मला आवाज ऐकायचा आहे. गल्ली, पायरी, फॉलचे तीन रुपये, काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, हा चौथा चांगला आहे.

पहाटे उठून खेळ उघडला तर ती बाई गेली होती. माझं माणूस पुन्हा त्या राखाडी शर्टात उभं, जो सगळ्यांना फुकट मिळतो.

आता हजार रुपयांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भाचीला भाऊबीजेच्या दिवशी आत्याकडून काहीतरी द्यावं, असं माझ्या मनात होतं. तिला दिव्यांच्या नळ्यांचा पोशाख घेऊन द्यायचा ठरवला. त्यासाठी मी मंगळवारीच लातूरला मोबाईलच्या दुकानातून हजार रुपयांचं कूपन विकत घेतलं आणि त्याचा नंबर माझ्या फोनच्या खात्यात भरला. तो कसा भरायचा ते भाचीनंच सांगितलं, कशासाठी ते मी तिला सांगितलं नाही. खात्यात शिल्लक एक हजार. आपल्या फोनवरून तिच्या माणसाला पोशाख भेट पाठवता येतो, याची मी खात्री करून घेतली होती.

आणि सहीचं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. नांदेडचं घर त्यांच्या नावावर, आई आधीच गेलेली, वारस आम्ही दोघंच. भावाला वर एक मजला चढवायचा होता, बँकेचं कर्ज हवं होतं, आणि बँकेला माझं हक्कसोडपत्र हवं होतं. मी सोडणार होते. ऑफिसातल्या बायका मला मूर्ख म्हणाल्या. पण वडील चौदा महिने अंथरुणावर होते, आणि ते चौदा महिने भावानं आणि भावजयीनं काढले. मी महिन्यातून दोन रविवार जायची आणि चादरी धुऊन परत यायची. या दोन बाजू मी मांडून बघितल्या होत्या आणि हिशेब मला पटला होता. भाऊबीज गुरुवारी, सही शुक्रवारी, असं ठरलं. गुरुवारी पहाटेच्या बसनं मी निघाले, अहमदपूर, लोहा करत साडेनऊला नांदेडला पोचले.

आमच्याकडे रिवाज असा: बहिणीनं हक्क सोडला की भाऊ तिला साडीचोळी करतो. कितीही मोठी जमीन असो, घर असो, तिच्या हातात शेवटी येते ती साडी. ती चांगली असावी, एवढंच बघतात. माझ्या आत्यांनी तशाच घेतल्या, आईनंही तिच्या माहेरून तशीच घेतली. आईची हिरवी होती, ती तिनं फाटेपर्यंत नेसली. आणि ताटात पडलेल्या ओवाळणीची किंमत बहिणीनं विचारायची नसते, ती मोजायचीही नसते. पडेल ते पदरात घ्यायचं.

मी भावाला ओवाळलं. सुपारी फिरवली. त्यानं खिशात हात घातला नाही.

"आक्का, फोन दे तुझा."

"कशाला?"

"दे तर. औंदा साडी न्हाई. साड्या लई हायेत तुझ्याकडं, नेसतबी न्हाईस. औंदा तुझ्या आवडीचं."

भाची तोंडावर हात ठेवून हसत होती. तिनंच सांगितलं होतं त्याला, आत्याला चौथा आवडला म्हणून. भावानं माझा फोन घेतला, तिच्या सांगण्यावरून दोन ठिकाणी बोट दाबलं, आणि फोन निरंजनाच्या शेजारी ताटात ठेवला. पडद्यावर टोकनवाली बाई उभी होती. ठण्ण झालं.

"घे. भाऊबीज हीच अन् उद्याची साडीचोळीबी हीच," तो म्हणाला. "कापडच हाय की तेबी."

भावजय दारातून म्हणाली, "अवो, लोकं काय म्हणतील? आक्काला साडी न्हाई अन् मोबाईलमदली बाई?"

"लोकाला काय कळतंय. आमचं दोघांचं लहानपण हाय ते. आम्ही दोघं लई खेळलो हे. का न्हाई आक्का?"

त्याला ते दुकान आठवतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पस्तीस वर्षांत त्यानं त्या दुकानाचं नाव काढलं नव्हतं. मी ताट उचललं, फोन हातात घेतला, आणि तेव्हा वरच्या बाजूला आलेली ओळ वाचली. खरेदी पूर्ण. आठशे नव्व्याण्णव रुपये खात्यातील शिलकीतून. शिल्लक एकशे एक.

भाचीनंही ती वाचली. ती माझ्या कानाशी आली.

"आत्या, हे तुझेच गेले."

"गप," मी म्हटलं.

"अग पण ते पैसे तू कशासाठी भरलेले?"

"सणाचं ताट आहे. गप बस."

जेवणं झाली. पुरणपोळी होती. मी दीड खाल्ली. भाचीला मी पर्समधले पाचशे काढून दिले आणि तिनं ते घेताना माझ्याकडे बघितलं नाही. तिला कळलं होतं ते हजार कोणासाठी होते.

दुपारी भाऊ ओट्यावर पाय पसरून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि फोनवरची ती ओळ त्याला दाखवली. सावकाश, आवाज न चढवता. म्हटलं, तुझ्या खात्यातून गेले नाहीत, माझ्या फोनमध्ये मी भरलेले होते त्यातून गेले.

त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग हसला.

"आसं कसं? पोरगी काहीबी घेती तं माझेच कटतेत. घरातले समदे खर्च माझ्याच खात्यातून जातेत."

"तिचा फोन तुझ्या खात्याला जोडलेला आहे. हा माझा फोन आहे."

"मंग? तुझं काय अन् माझं काय, आक्का."

"मग तुझे दे."

"आं?"

"आठशे नव्व्याण्णव. तुझ्या हातानं ताटात टाक. ताट अजून घासलेलं नाही."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं.

"आक्का, उद्या तू घर सोडून राहिलीस. आर्धं घर. अन् आज नऊशाला रडून राहिलीस?"

"घर मी सोडते आहे, त्याचं काही म्हणणं नाही. ते माझं होतं, मी दिलं. हे तू दिलं म्हणालास, आणि दिलेलं नाहीस."

आतून भावजय आली. "आक्का, सणाच्या दिवशी हिसाब नका काढू. मी देते तुम्हाला. माझ्याकडं हायेत."

"तुझे नकोत ग. त्याचे हवेत."

"तू लहानपणापासून आशीच," भाऊ म्हणाला. आता त्याचा आवाज वर गेला होता. "त्या गल्लीतबी आशीच. आपण दोघं खेळायला जायचो तं तिथंबी रुपया मोजून राहायचीस. दे म्हणलं की आधी मोजायचीस."

"आपण दोघं? मी किती डाव खेळले?"

"लई खेळलो की आपण."

"मी किती?"

"आता ते कुणाच्या ध्यानात हाय? दोन वर्षं जायचो रोज."

"एकही नाही. मी आत कधी आलेच नाही. मी पायरीवर बसायची."

मला वाटलं आता आठवेल. त्यानं कपाळाला आठ्या घालून खरंच आठवून बघितलं, हे मला दिसत होतं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. वडिलांचं सगळं त्यानं केलं, आणि ते करताना कोणाला मोजून दाखवलं नाही. तो विचार करत राहिला आणि मग म्हणाला,

"मंग पायरीवर बसून तू काय करून राहायचीस?"

यात टोमणा नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. दोन वर्षं तो त्या पडद्यातून बाहेर आला, माझ्या मांडीवरून दप्तर उचललं, आणि चालू लागला, आणि ते दप्तर तिथं कसं असायचं हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. आणि एवढ्या वर्षांत ती पायरी त्याच्या आठवणीतून गेली होती आणि तिच्या जागी मी त्याच्या शेजारी उभी, बटणं दाबत, अशी त्यानं बसवून घेतली होती. ती आठवण त्याची चांगली होती. तीच त्यानं मला ताटात घातली होती.

"दप्तर धरून बसायची," मी म्हटलं.

"हाव का," तो म्हणाला. मग तो उठला आणि चप्पल पायात घालता घालता म्हणाला, "देतो तुझे पैशे. संध्याकाळी देतो. पण सणाचं असं वाटोळं करायचं न्हवतं, आक्का."

संध्याकाळी त्यानं दिले नाहीत. मी मागितले नाहीत. एकदा मागायचं असतं, ते मी मागितलं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवरून नोंदणीच्या ऑफिसला गेलो. ऑफिसच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं आहेत. आमच्या दस्ताचे पैसे भावानं आधीच दिलेले होते, दस्त छापून तयार होता. लिहिणारा म्हातारा होता, चष्मा कपाळावर. त्यानं पद्धतीप्रमाणे सगळं वाचून दाखवलं. घराची चतुःसीमा, वारस किती, मी राजीखुशीनं, कोणाच्या दबावाखाली न येता, विनामोबदला हक्क सोडते. सगळं बरोबर होतं. मग शेवटच्या पानावर एक ओळ आली. माझ्या बंधूंनी मला साडीचोळी करून माझा मान केला असून ती मला पावली आहे.

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं चष्मा खाली घेतला. "बाई, ही सगळ्यांच्यात असती. हिचं कायद्यात काही न्हाई. रिवाज हाय."

"कायद्यात नसेल तर काढायला काय हरकत आहे?"

"आवो, पण बहिणी हौसेनं लिहून घेतेत. साडी न्हाई लिहिलं तर भावाची नाचक्की हुती."

"साडी पावली नाही. मी पावली म्हणून सही कशी करू?"

त्यानं भावाकडे बघितलं. भाऊ समोरच्या लिंबाकडे बघत होता.

"विनामोबदला लिहिलंय वरती, ते राहू द्या," मी म्हटलं. "तेवढंच खरं आहे. खालची ओळ खोटी आहे."

"आठशे नव्व्याण्णवसाठी," भाऊ लिंबाकडे बघतच म्हणाला.

"हो."

"मी देतो म्हणलं होतं."

"म्हणालास."

त्यानं खिशात हात घातला. मला वाटलं, आता काढेल. खरंच वाटलं. त्यानं गाडीची किल्ली काढली, बोटात फिरवली, परत ठेवली. तेव्हा त्यानं नोटा काढल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, ती ओळ राहू दिली असती आणि बाहेर येऊन त्याच्याबरोबर उसाचा रस प्यायले असते. मी तेवढ्याचसाठी वाट बघत होते. म्हातारा दोघांकडे बघत होता, त्याच्या टेबलाशी दुसरी माणसं येऊन उभी राहिली.

"पान पुन्हा छापावं लागंल," तो शेवटी म्हणाला. "आकडे, नकाशा, समदं पुन्हा जुळवून. दोनशे हुतील वरचे."

"काढा," भाऊ म्हणाला. "काढा ती ओळ. दोनशे मी देतो."

"तू नको. ओळ मला नको आहे."

पान पुन्हा छापून यायला पाऊण तास लागला. मी ते वाचलं. ओळ नव्हती. मी सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. अर्धं घर दुपारी एकच्या सुमारास माझ्या नावावरून गेलं. भाऊ म्हणाला, स्टँडला सोडतो. मी म्हटलं, रिक्षानं जाते. तो म्हणाला, बरं.

त्यानंतर फोन येतात. मजल्याचं काम चालू झालं, वाळू महाग झाली, पोरीचा अभ्यास. दोन्हीकडून सगळं नीट बोललं जातं. यंदा मी अजून गेले नाही.

भाचीचं आणि माझं खेळणं चालू आहे, सहा ते साडेसहा. मी त्या राखाडी शर्टातच पळते. टोकनवाली माझ्या कपाटात आहे, ती आता कायमची माझी, दुसऱ्या दिवशी उतरणार नाही. एकदा भाची म्हणाली, "आत्या, घाल की ग ती. घेतलेली हाय तर."

"नको. आवाज येतो."

"आवाजासाठीच तर आवडली होती तुला."

"आता डावीकडं बघ. मागून येऊन राहिलेत."

फोनच्या खात्यात एकशे एक रुपये अजून पडून आहेत. तेवढ्यात काही येत नाही. भावाकडून आठशे नव्व्याण्णव आले नाहीत. त्या साडीचोळीपायी शेवटी जे खरोखर दिलं गेलं ते एवढंच: दोनशे रुपये, रोख, शंभराच्या दोन नोटा, माझ्या पर्समधून, त्या दस्त लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला. त्यानं पावती दिली नाही.